जुने खेळ, नवी यंत्रे – लेखांक ७ : पहिला रिमोट कोणाचा?

एम्युलेटरवर, म्हणजे जुने खेळ आजच्या संगणकावर चालवणाऱ्या कार्यक्रमावर, दोघे-तिघे एकत्र खेळायला बसले की सर्वांत आधी क्रमांकाचा प्रश्न सोडवावा लागतो. ‘कॉन्ट्रा’मधला निळ्या विजारीचा शिपाई कोणत्या कंट्रोलरने धावणार आणि लाल विजारीचा कोणत्याने, हे यंत्राने खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरवलेले असते, खेळणाऱ्यांना ते नंतर कळते. चित्र, आवाज, वेग या गोष्टी एकदा जमल्या की सहसा जमलेल्याच राहतात. कंट्रोलरची व्यवस्था मात्र संगणक बंद करून पुन्हा चालू केला एवढ्यानेही विस्कटू शकते. ती कायमची बसवायची तर जुन्या सेटमध्ये हा क्रमांक कुठून येत असे आणि आज कुठून येतो, हे आधी समजून घ्यावे लागते.

नव्वदच्या दशकात गिरगावातल्या वाड्यांपासून लालबाग-परळच्या चाळींपर्यंत घरच्या टीव्हीला जोडले जाणारे व्हिडिओ गेम बहुतेक एकाच घराण्यातले होते. निन्टेन्डोने जुलै १९८३मध्ये जपानात आणलेला फॅमिकॉम हे त्यांचे मूळ. भारतात त्याचा परवानाधारक अवतार ‘समुराई’ या नावाने आला, पण घरोघरी पोहोचल्या त्या ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशा नावांच्या नकला. कॅसेट वर खोचायची, दोन रिमोट पुढे जोडायचे आणि टीव्हीचे चॅनल जुळवायचे. बहुतेक सेटमध्ये रिमोटची जोडणी नऊ पिनांची असे.

त्या रिमोटच्या आत शिफ्ट रजिस्टर नावाचे एक छोटे सर्किट असते. ते आठ बटणांची स्थिती एका क्षणी टिपून घेते आणि ठरलेल्या क्रमाने, म्हणजे ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे असे, एकेक करून एकाच तारेवरून सेटकडे पाठवते. सेट हे वाचन दर फ्रेमला, सेकंदाला साधारण ५० ते ६० वेळा करतो. पहिल्या सॉकेटची तार प्रोसेसरच्या एका पत्त्यावर वाचली जाते, दुसऱ्याची लगतच्या पत्त्यावर. म्हणजे पहिला खेळाडू कोण हे तांब्याच्या तारेतच पक्के झालेले असे. डाव्या सॉकेटचे उजवे होणे शक्य नव्हते. दुसऱ्या रिमोटवर अनेकदा स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणेच नसत. मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवरही ती नव्हती. तिथे त्यांच्याऐवजी मायक्रोफोन होता. खेळ सुरू करण्याचा आणि थांबवण्याचा अधिकार त्यामुळे आपोआप पहिल्याकडे राही, आणि हे ठाम विषम वाटप घरातल्या भांडणांच्या दृष्टीने सोयीचेच होते.

यूएसबीत सॉकेटला असा अर्थ नाही. कंट्रोलर जोडला की संगणक त्याला त्याची ओळख विचारतो. उत्तरात दोन आकडे येतात, एक उत्पादकाचा आणि एक वस्तूचा. प्रत्येक नगाचा स्वतंत्र अनुक्रमांक सांगणे नियमाने ऐच्छिक आहे, आणि स्वस्त कंट्रोलर तो सांगत नाहीत. मग लिनक्ससारखी प्रणाली त्याला रिकामा असलेला सर्वांत लहान क्रमांक देते: ‘जेएस०’, नंतर ‘जेएस१’, असे पुढे. खेळ चालू असताना एकच कंट्रोलर निसटला आणि परत लावला तर बाकीचे आपापल्या जागी असल्याने तो बहुधा जुनाच क्रमांक घेतो. पण हब हलला आणि दोन्ही कंट्रोलर एकदम तुटले, तर जो आधी परतेल तो पहिला. संगणक सुरू होतानाही हीच शर्यत असते.

मेख इथे आहे. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, गेमपॅड घ्यायला गेलेला माणूस साहजिकच एकसारखी जोडी उचलतो. दिसायला ती बरी, दोघांना समान न्याय, किंमतही थोडी. परंतु अशा अनेक पॅडच्या आत ‘ड्रॅगनराइज’ या नावाने ओळख देणारे एकच सर्किट असते. दोन्ही पॅड यंत्राला सारखेच आकडे सांगतात आणि त्यांना वेगळे ओळखायला यंत्राकडे काही उरत नाही. म्हणून अनेक जण खेळणार असतील तर एकसारखी जोडी घेऊ नये. वेगवेगळ्या बनावटीचे पॅड घ्यावेत. रंग, आकार, मूठ वेगळी असली तरी चालते, आतली ओळख वेगळी असली पाहिजे. पुढची सारी व्यवस्था या एका निवडीवर सोपी किंवा अवघड होते.

ओळख वेगळी असली की क्रमांक बांधून देता येतो. रेट्रोआर्क या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या कार्यक्रमात प्रत्येक खेळाडूच्या पोर्टखाली कोणता कंट्रोलर घ्यायचा ते निवडता येते. पण ती निवड साध्या अनुक्रमाने केली, तर जोडण्याचा क्रम बदलताच ती फसते. नव्या आवृत्त्यांत एखादा कंट्रोलर त्याच्या ओळखीवरून एका खेळाडूसाठी राखून ठेवण्याची सोय आहे, तीच वापरावी. बॅटोसेरा या एम्युलेटरसाठीच्या तयार प्रणालीत मुख्य मेनूतूनच पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या खेळाडूचा कंट्रोलर नेमता येतो. पार्लरचे खेळ चालवणाऱ्या ‘मेम’मध्ये, म्हणजे निकोला साल्मोरिया यांनी १९९७मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात, कंट्रोलरच्या ओळखीला ठरावीक क्रमांक जोडणारी वेगळी फाइल लिहावी लागते. काम किचकट आहे, पण एकदाच करायचे असते. विंडोजवर एक्सबॉक्स पद्धतीचे पॅड असतील तर चारच जागा मिळतात. एक्सबॉक्स ३६०च्या पॅडवर मधल्या बटणाभोवतीचा उजळलेला चतकोर आपली जागा दाखवतो, ही त्यातली मोठी सोय.

जोडी आधीच घेतलेली असेल तर दोन मार्ग उरतात. पहिला, पॅड कायम त्याच सॉकेटमध्ये लावायचे, यंत्र सुरू होण्यापूर्वीच लावायचे, आणि सॉकेटवर व पॅडवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावायची. संगणक बहुतेक वेळा सॉकेट ठरलेल्या क्रमाने तपासत असल्याने यातून बरेचसे काम भागते. दुसरा मार्ग दोन तोंडांच्या अडॅप्टरचा. त्यात दोन्ही कंट्रोलर एकाच यूएसबी उपकरणामार्फत येतात आणि पहिले तोंड कोणते हे अडॅप्टरच्या आतच ठरलेले असते. मात्र काही स्वस्त अडॅप्टर लिनक्सला दोनऐवजी एकच कंट्रोलर असल्यासारखे दिसतात. विकत घेताना हे विचारून घ्यावे.

नऊ पिनांचे जुने रिमोट माळ्यावर शिल्लक असतील तर याच तत्त्वावर ते आजही कामाला येतात. त्यांना पाचच तारा लागतात: पाच व्होल्ट, ग्राउंड, बटणे टिपायला सांगणारी, पुढचे बटण मागणारी आणि उत्तर आणणारी. यांतल्या पहिल्या चार सर्व रिमोटना सामाईक ठेवता येतात. प्रत्येकाला वेगळी हवी ती फक्त उत्तराची तार. यूएसबी उपकरण म्हणून वावरू शकणारा छोटा आर्डुइनो बोर्ड आणि नऊ पिनांची हवी तितकी सॉकेट एवढ्या सामानात दोन, अगदी चार रिमोटही जोडता येतात. पहिला कोण हे पुन्हा तारेतच ठरते, ३० वर्षांपूर्वी ठरत असे तसेच. तारांच्या रंगांवर मात्र विसंबू नये. नकलांमध्ये रंगांचा काही नियम नाही. मल्टिमीटरने प्रत्येक पिन तपासूनच डाग द्यावा. सेगा आणि अटारीच्या रिमोटनाही दिसायला हीच नऊ पिनांची जोडणी असते, पण आतली मांडणी निराळी आहे.

दोनाहून अधिक खेळाडूंचा विषय निघाला की पार्लरच्या खेळांकडे यावे लागते. कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ मुंबईत, किंबहुना देशभर, त्यातल्या एका पात्रावरून ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला जातो. तो तिघांनी एकत्र खेळायचा खेळ. पार्लरच्या यंत्रांतली ५६ जोडबिंदूंची जाम्मा नावाची प्रमाण जोडणी दोनच खेळाडूंसाठी आखलेली होती, त्यामुळे तिसऱ्यासाठी वेगळ्या तारा ओढाव्या लागत. एम्युलेटरमध्ये हे अडत नाही, पण एक गोष्ट हटकून विसरली जाते: नाणे. मेममध्ये पहिल्या खेळाडूचे नाणे कीबोर्डवरच्या ५ या कळीवर आणि स्टार्ट १ वर असते. दुसऱ्याचे ६ आणि २ वर, तिसऱ्याचे ७ आणि ३ वर. प्रत्येक पॅडच्या सिलेक्टवर त्या-त्या खेळाडूचे नाणे बसवले नाही, तर मेलेल्या खेळाडूला दर वेळी उठून कीबोर्डपर्यंत जावे लागते. ‘द किंग ऑफ फायटर्स ९७’ला एका हातात चार बटणे लागतात. ती ए, बी, सी, डी अशी ओळीत होती, आणि आजच्या पॅडवर ती चौकोनात बसवताना दोन्ही पॅडवर हुबेहूब सारखी बसवली पाहिजेत. नाहीतर पॅड बदलताच डाव हातचा जातो.

घरगुती खेळांत तिसरा-चौथा खेळाडू मल्टिटॅप नावाच्या जोडणीतून येत असे. ‘सुपर बॉम्बरमॅन’ (१९९३) याचे ठळक उदाहरण. एम्युलेटरला चार पॅड दिसत असूनही खेळात दोघेच उतरत असतील, तर दोष बहुधा पॅडचा नसतो. दुसऱ्या पोर्टच्या उपकरणाचा प्रकार ‘मल्टिटॅप’ असा बदलावा लागतो. हा बदल आणि बटणांची फेरमांडणी रेट्रोआर्कमध्ये त्या खेळापुरतीच जतन करावी. सर्व खेळांसाठी जतन केली की दुसराच एखादा खेळ बिघडतो.

पॅड कमी पडले की कीबोर्ड वाटून घेतला जातो. त्याची मर्यादा आतल्या जाळीत आहे. साध्या कीबोर्डमध्ये कळा आडव्या-उभ्या तारांच्या छेदांवर बसवलेल्या असतात आणि प्रत्येक छेदाला डायोड नसतो. त्यामुळे तीन-चार कळा एकदम दाबल्या की काही जोड्या यंत्राला कळतच नाहीत. एकाने तिरके पळत गोळी झाडली की दुसऱ्याची उडी गिळली जाते. दोघांच्या कळा कीबोर्डच्या दोन टोकांना दिल्या तर त्रास कमी होतो, संपत नाही. कीबोर्ड एकट्यासाठी ठेवावा हेच उत्तम.

बिनतारी पॅड सोयीचे दिसतात, पण जिथे अनेक जण खेळतात तिथे ते व्यवस्थेच्या नाकी नऊ आणतात. ब्लूटूथमध्ये क्रमांक मिळतो तो बटण आधी दाबणाऱ्याला. चहापाण्याला थांबून पॅड झोपी गेले की परतल्यावर पहिला खेळाडू बदललेला असतो. एका यंत्राभोवती ब्लूटूथची सातच उपकरणे एका वेळी सक्रिय राहू शकतात, आणि ही मर्यादा गाठण्यापूर्वीच दाट वस्तीतली गर्दी आड येते. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि परळ-लालबागच्या इमारतीत याच पट्ट्यात भिंतीपलीकडचे अनेक वाय-फाय राउटर बोलत असतात. ब्लूटूथ गजबजलेली वाहिनी टाळत राहते, तरी उशीर वाढतो. निदान घरचा राउटर ५ गिगाहर्ट्झवर न्यावा. एकाला तार आणि दुसऱ्याला ब्लूटूथ हे वाटप तर करूच नये, कारण लढतीच्या खेळात काही मिलिसेकंदांचा फरक निकाल फिरवतो. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. यूएसबीच्या नियमांत कमी वेगाच्या उपकरणालाही तीन मीटरची तार चालते, आणि एवढ्या खोलीत ती पुरून उरते.

हबचा वीजपुरवठा पाहून घ्यावा. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर चारही यूएसबी सॉकेट मिळून १.२ अँपिअरच प्रवाह मिळतो. साध्या पॅडना तो पुष्कळ होतो. पण त्याच यंत्राला बाहेरची हार्ड डिस्क लटकवली की ताण पडतो, पॅड तुटून पुन्हा जोडले जातात आणि क्रमांकांची उलथापालथ होते. असे असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा.

सामाईक अधिकारांची एक बाब सेटिंगमध्ये दडलेली असते. सिलेक्ट आणि स्टार्ट एकत्र दाबले की खेळ बंद, अशी जोडकळ बहुतेक तयार मांडण्यांत असते आणि ती प्रत्येक पॅडवर चालू शकते. सर्वांत धाकट्या खेळाडूच्या हातून ती नेमकी शेवटच्या टप्प्यावर दाबली जाते. रेट्रोआर्कमध्ये बाहेर पडण्यासाठी दोनदा दाबण्याची अट घालता येते, आणि मेनू सर्वांनी चालवायचा की फक्त पहिल्याने हेही ठरवता येते. तो पहिल्याकडेच ठेवावा.

मुंबईच्या पावसाळ्यात पॅडची काळजी वेगळी घ्यावी लागते. बटणाखालच्या रबरी घुमटाच्या तळाशी कार्बनची टिकली असते. दमट हवेत तिच्यावर आणि खालच्या पट्टीवर थर साचला की बटण दोनदा लागते किंवा लागतच नाही. पॅड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यास बहुतेक बटणे जिवंत होतात. नऊ पिनांच्या जोडणीवर गंज आधी दिसतो, म्हणून जुने रिमोट सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावेत. सुटे सेल लागणाऱ्या पॅडमधले सेल खेळ संपला की काढून ठेवावेत. तारा रिमोटभोवती घट्ट गुंडाळू नयेत. त्या आतून तुटतात त्या मुळाशीच.

सारे जुळल्यावर सेटिंगच्या फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी. यंत्राचे मेमरी कार्ड बिघडते तेव्हा खेळ पुन्हा भरता येतात. कोणत्या पॅडचा कोणता क्रमांक, कोणत्या खेळात मल्टिटॅप आणि नाणे कोणत्या बटणावर, हे मात्र पहिल्यापासून बसवावे लागते. त्या प्रतीसोबत कोणत्या रंगाची पट्टी कोणत्या सॉकेटची, हेही कागदावर लिहून यंत्राच्या खोक्याला आतून चिकटवावे.