बरगडी मोडली तर छाती आवळू नका



गळीत हंगाम सुरू झाला की लोणंद भागातल्या रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढताना कुणाचा पाय घसरतो, तर कुणी अंधारात मोटारसायकलसकट उभ्या ट्रॉलीवर आदळतो. छातीला मार बसतो, पण रक्त दिसत नाही. मग घरातलं कुणी म्हणतं, "मुका मार हाय, दोन दिसांत उतरंल." लेप लागतो आणि वरून धोतराची पट्टी करकचून आवळली जाते. चूक होते ती इथंच.

माणसाला बरगड्यांच्या १२ जोड्या. मोडलेली बरगडी बहुधा प्लास्टरवाचून सहा-एक आठवड्यांत सांधते. खरा घात होतो तो श्वासाचा. दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकला दाबतो. आत कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. पट्टीनं श्वास आणखीच कोंडतो. पूर्वी डॉक्टरही छाती बांधत. आता ती पद्धत मागे पडली आहे. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ६५ वर्षांपुढच्या रुग्णांत मोडलेल्या प्रत्येक जादा बरगडीमागे न्यूमोनियाचा धोका २७ टक्क्यांनी, तर मृत्यूचा १९ टक्क्यांनी वाढलेला आढळला.

आपला कारखाना एकट्या चीफ इंजिनिअरवर चालतो का? तोडणी, वजनकाटा, गव्हाण, बॉयलर, सगळ्यांचा मेळ लागतो. या दुखण्याचंही तसंच आहे. सर्जन फुप्फुस, यकृत, प्लीहा यांना इजा आहे का ते पाहतात. भूलतज्ज्ञ गरज पडल्यास नस बधिर करून वेदना थांबवतात. वेदना थांबली तरच फिजिओथेरपिस्ट खोल श्वास घ्यायला, खोकून कफ काढायला शिकवू शकतात. परिचारिका रात्रंदिवस श्वासावर लक्ष ठेवतात. पुष्कळ बरगड्या मोडून छातीचा भाग सुटा झाला, तर काहींना शस्त्रक्रिया लागते. एक दुवा निसटला की बाकीच्यांचे कष्ट वाया जातात.

घरची माणसंही या गटातच आली. रुग्णाला उठवून बसवा, चालवा, उशी छातीशी धरून खोकायला लावा. विडी बंद करा. धाप, ताप, खोकल्यातून रक्त किंवा पोटात दुखणं दिसलं, तर तासभरही थांबू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आपल्या राज्यात आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीनं संरक्षण दिलं आहे. पोलिसांच्या भीतीनं मागे सरू नका.

शेवटी एक सांगणं. आपल्या फडातला तोडणी कामगार उचल फिटायची म्हणून दुखणं अंगावर काढतो. तो स्वतःहून बोलणार नाही. त्याला दवाखान्यात नेणं हे आपलं, ऊसमालकाचं काम आहे. ऊस एक दिवस उशिरा गेला तरी चालेल, माणूस गेला तर परत यायचा नाही.