दाराबाहेर उभा असलेला बाप

ॲनिमेशनच्या पडद्यावर सुपरमॅन पहिल्यांदा उडाला तो १९४१ मध्ये, फ्लायशर स्टुडिओच्या छोट्या रंगीत पटांतून. पहिल्याच पटाच्या सुरुवातीला क्रिप्टॉनहून आलेलं बाळ एका मोटारवाल्याला वाटेत सापडतं आणि तो ते अनाथाश्रमात नेऊन पोचवतो. झालं, बालपण संपलं. पुढे दिसतो तो थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरीला लागलेला क्लार्क केंट. घरी वाट बघणारं कुणी नाही, त्यामुळे रात्रभर कुठे होतास असं विचारणारंही कुणी नाही. आपली खरी ओळख लपवायची ती शत्रूपासून, शहरापासून आणि फार तर लोइस लेनपासून. कॉमिक्समधून आलेली ही रीत ॲनिमेशनमध्ये फार वर्षं टिकली.

बॅटमॅनचं तर मूळच आईवडिलांच्या खुनात आहे. १९९३ च्या ‘बॅटमॅन : मास्क ऑफ द फँटॅझम’मध्ये तरुण ब्रूस वेन प्रेमात पडतो आणि मग भर पावसात आईवडिलांच्या थडग्यापुढे जाऊन गयावया करतो : मी तुम्हाला शब्द दिला होता खरा, पण मी सुखी होईन हे तेव्हा धरलंच नव्हतं, आता मला त्यातून मोकळं करा. थडगं काय उत्तर देणार? त्या काळात सुपरहिरोच्या पोटात आईबापांविषयी किती दाटून असेल हे दाखवणारं इतकं उघडं दृश्य दुसरं क्वचितच सापडेल. पण तो संवाद एकतर्फीच आहे. मेलेल्या आईबापांची आठवण काढता येते, त्यांच्या नावानं शपथ घेता येते. ते खोलीचं दार ठोठावत नाहीत, प्रगतिपुस्तक मागत नाहीत. या कथांनी आईबापांना इतक्या वेळा मारलं त्याचं एक कारण मला हेच वाटतं, की जिवंत आईबापांना उत्तरं द्यावी लागतात.

ती उत्तरं देण्याची वेळ खऱ्या अर्थानं आली २००४ मध्ये, ब्रॅड बर्डच्या ‘द इनक्रेडिबल्स’मध्ये. कायद्यानं सुपरहिरोंना बंदी घातलेली आहे. बॉब पार एका विमा कंपनीत टेबलाखाली गुडघे कसेबसे कोंबून बसतो आणि बुधवारी रात्री बोलिंगला जातो असं सांगून मित्राबरोबर चोरून लोकांना वाचवायला जातो. म्हणजे इथे पहिल्यांदा थापा मारणारा बाप आहे. त्याची बायको हेलन कोटावर सापडलेला लांब केस बघून वेगळंच काही समजते, आणि तिचं काही चुकत नाही. घरात लपवाछपवी सुरू झाली की संशय आपल्या ओळखीच्या वाटेनंच जाणार.

या चित्रपटातला जेवणाच्या टेबलाचा प्रसंग अजूनही अभ्यासावा असा आहे. डॅश आणि व्हायोलेट या दोघा मुलांची जुंपते. तो वाऱ्यासारखा पळतो, ती अदृश्य होते, मधे पडून दोघांना आवरता आवरता हेलनचे हात रबरासारखे लांबत जातात, बॉब सगळ्यांसकट टेबलच उचलून धरतो. तेवढ्यात दारावरची बेल वाजते. क्षणात सगळे आपापल्या खुर्चीत, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं. कुणी कुणाला सूचना देत नाही, म्हणजे ही सवय वर्षानुवर्षांची आहे. घरातलं बाहेर दिसू द्यायचं नाही हे या मुलांना कुणी समजावून सांगितलेलं नसावं. बेल वाजली की नीट बसायचं, एवढं अंगात मुरलेलं आहे.

आणि त्याची किंमत मुलांनी मोजलेली आहे. डॅशला शाळेत खेळायची परवानगी नाही, कारण तो जिंकेल. व्हायोलेट तोंडावर केस ओढून फिरते. मग बापाला शोधायला निघालेल्या त्यांच्या विमानावर क्षेपणास्त्रं चालून येतात तेव्हा हेलन तिला ओरडून सांगते, विमानाभोवती कवच उभं कर. पोरीला ते जमत नाही. जन्मभर ‘शक्ती वापरू नकोस’ हे ऐकलेल्या मुलीला एका क्षणात ती कशी जमावी? पुढे बेटावरच्या गुहेत हेलन मुलांच्या हाती मुखवटे देते आणि व्हायोलेटला सांगते, की अचानक तुझ्याकडून एवढं मागितलं हा माझाच अन्याय होता. आईनं मुलीची माफी मागण्याचं हे दृश्य सुपरहिरोपटांच्या इतिहासात मी फार वर ठेवतो. आपली ओळख सांभाळा, ती तुमची सगळ्यात मोलाची चीज आहे, असं ती त्याच गुहेत बजावते. तोवर त्याच गुपितानं मुलीचं काय करून ठेवलं हेही तिला कळून चुकलेलं असतं.

हा चित्रपट हिंदीत ‘हम हैं लाजवाब’ म्हणून आला, तेव्हा बापाचा आवाज शाहरुख खानचा होता आणि डॅशचा आवाज त्याच्या मुलाचा, आर्यनचा. पडद्यावरच्या बापलेकांना खऱ्या बापलेकांचे आवाज मिळाले. जाहिरातीसाठी असेल, तरी मला ही निवड त्या कथेला अगदी शोभणारी वाटते.

चौदा वर्षांनी, २०१८ मध्ये, ‘इनक्रेडिबल्स २’ आला. त्यात बॉब घर सांभाळतो, डॅशच्या गणितापुढे हात टेकतो. व्हायोलेटला आवडणाऱ्या टोनीनं तिला मुखवट्याशिवाय बघितलेलं असतं, म्हणून सरकारी माणसाकरवी त्याची आठवण पुसली जाते. त्या पुसण्यात व्हायोलेटही जाते. बापानं मुलीचं गुपित राखताना तिच्या आयुष्यातला एक माणूसच खोडून टाकला, आणि ती रागानं आपला पोशाख स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या यंत्रात कोंबते. पहिल्या भागाची धार दुसऱ्याला नाही, पण हा धागा मात्र अस्सल आहे.

त्याच वर्षी डिसेंबरात ‘स्पायडर-मॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स’ आला आणि चित्रच पालटलं. माइल्स मोरालेस कॉमिक्समध्ये २०११ पासून होता, ब्रायन मायकेल बेंडिस आणि सारा पिकेली यांनी घडवलेला. चित्रपटातला माइल्स ब्रुकलिनचा. आई रिओ, मूळ प्वेर्तो रिकोची, परिचारिका. बाप जेफरसन कृष्णवर्णीय पोलीस अधिकारी, आणि त्याला स्पायडर-मॅन मुळीच आवडत नाही. जुन्या कथांत हा बाप केव्हाच वारला असता. इथे तो सकाळी पोलिसांच्या गाडीतून मुलाला नव्या शाळेत सोडायला येतो.

सोडताना तो भोंग्यावरून, सगळ्या शाळेच्या देखत, मुलाला बजावतो : मी तुझ्यावर प्रेम करतो म्हटलं की उलट म्हणायचं असतं. माइल्स लाजेनं चूर होऊन कसंबसं म्हणतो. प्रेक्षागृह हसतं. त्या हसण्याची परतफेड चित्रपट तासाभरानं करतो. माइल्सचा लाडका काका आरन त्याच्या डोळ्यांसमोर मरतो. तो खलनायकाच्या पदरी काम करत होता हेही माइल्सला नुकतंच कळलेलं. बापाची समजूत अशी, की भावाला स्पायडर-मॅननं मारलं. इकडे माइल्सला इतर विश्वांतून आलेल्या त्याच्या स्पायडर-सोबत्यांनी वसतिगृहाच्या खोलीत खुर्चीला जाळ्यानं बांधून ठेवलंय, तोंडावरही जाळं. लढाईला तू तयार नाहीस, असं त्यांचं म्हणणं. आणि जेफरसन बंद दाराबाहेर येऊन उभा राहतो.

आत हालचाल आहे हे त्याला दाराखालच्या सावलीवरून कळतं. पोरगा आहे, पण बोलत नाही. रुसलाय. भाऊ गेल्याची बातमी सांगायला आलेला बाप ती धड सांगू शकत नाही, आणि ज्याला ती सांगायची त्यानं ती आधीच बघितलेली आहे. आम्ही भाऊ दुरावलो, तुझ्याबाबत तसं व्हायला नको, तुझ्यात जी ठिणगी आहे ती मला दिसते, असं काहीबाही तो दाराशी बोलतो. शेवटी म्हणतो, माझं तुझ्यावर प्रेम आहे, पण उलट म्हणायची गरज नाही. सकाळच्या भोंग्यावरची ती अट त्यानं स्वतःहून काढून घेतलेली असते. माइल्सच्या तोंडून आवाज फुटत नाही. बाप पाऊल मागे घेतो आणि निघून जातो.

गुप्त ओळखीवर बेतलेल्या सगळ्या ॲनिमेशनपटांत हे दृश्य मला पहिल्या क्रमांकाचं वाटतं. एरवी लपवणारा चतुर असतो आणि ज्याच्यापासून लपवायचं तो बावळट, म्हणून आपण हसतो. इथे दोघंही एकमेकांना हवे आहेत, दोघांचाही काही दोष नाही, आणि मधे चार बोटं जाडीचं लाकूड आहे. चित्रकारांनी या पोराचं मागे पडणंही चलनातच बसवलं होतं. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींचा, पण सुरुवातीला माइल्सची मुद्रा दोन-दोन चौकटी तशीच राहते, तर त्या सोबत्यांतल्या अनुभवी स्पायडर-मॅनची, पीटरची, दर चौकटीला बदलते. जंगलात दोघं बरोबर झोके घेतात तेव्हा माइल्स अडखळताना दिसतो तो त्यामुळे. माइल्स बापाशी समोरासमोर बोलतो ते अखेरीला, पण मुखवट्याआडून. त्याला मिठी मारतो, प्रेम आहे म्हणतो, आणि बिचारा जेफरसन चक्रावून जातो. उत्तर मिळालं, पण कुणाचं ते त्याला कळलंच नाही. त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर या चित्रपटाला मिळालं. २०११ च्या ‘रँगो’नंतर डिस्ने-पिक्सारच्या बाहेर गेलेलं ते पहिलंच.

नंतरच्या काळातल्या इतर चित्रपटांपैकी २०२४ चा ‘अल्ट्रामॅन : रायझिंग’ याच वाटेवरचा. त्यात केन सातोचा बाप अल्ट्रामॅन होता, म्हणून जपानात राहिला आणि पोर आईबरोबर अमेरिकेत वाढलं. जगाला वाचवणारा माणूस मुलाच्या खेळाला कधी आला नाही, हा केनचा राग आहे. तो राग खरा वाटतो, पण बापाची बाजू पुढे फार झटपट पटवली जाते.

खरा पुढचा टप्पा २०२३ चा, ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’. भारतात तो दहा भाषांत आला, त्यांत मराठीही होती, त्यामुळे घरच्या भाषेत तो बघण्याची सोय आपल्याकडच्या मुलांना झाली. त्याची सुरुवात माइल्सपासून होत नाही, ग्वेन स्टेसीपासून होते. तिचा बाप जॉर्ज पोलीस कप्तान, आणि मुलीचा मित्र पीटर याच्या मृत्यूसाठी तो ‘स्पायडर-वूमन’च्या मागावर आहे. एका चकमकीनंतर तो तिच्यावर बंदूक रोखतो. ती मुखवटा काढते. पोलीस म्हणून नको, बाप म्हणून थोडं ऐक, एवढीच तिची विनवणी. क्षणभर तो गोठतो, आणि मग आरोपीला अटक करताना वाचतात ते हक्क तिला ऐकवू लागतो.

मुखवटा उतरला की सगळं सुरळीत होतं, या समजुतीला इथे तडा गेला. इतकी वर्षं मुलं याच भीतीनं गप्प होती, आणि ती भीती खरी निघाली. ग्वेनच्या जगाचे रंग जलरंगांसारखे आहेत. तिच्या मनात जे चाललंय तसे भिंतींचे रंग बदलतात, ओघळतात. ती पुष्कळ उशिरानं घरी परतते तेव्हा बापलेक एकमेकांकडे पाठ करून बोलत असतात आणि मागची भिंत थंड रंगांची असते. जॉर्ज सांगतो, मी नोकरी सोडली. मिठीबरोबर खोलीत ऊबदार रंग पसरतात. संवाद त्या मानानं थोडेच आहेत, कुंचल्यानं उरलेलं काम केलंय. हे जिवंत नटांच्या चित्रपटाला इतकं सहज साधलं नसतं.

माइल्सचं मात्र अजून अडलेलंच आहे. समुपदेशकाच्या भेटीला उशीर, स्पॅनिशमध्ये कमी गुण, बापाच्या बढतीच्या समारंभाला उशीर आणि हातात चेपलेले केक. दरवेळी कारण खरं असतं आणि दरवेळी ते सांगता येत नाही. रिओ त्याला गच्चीवर गाठते. पोरगा काहीतरी पोटात ठेवतोय हे तिला कळतं, तरी ती ते उकरून काढत नाही. माझ्या त्या लहान मुलाला सांभाळ, असं त्यालाच सांगून ती त्याला जाऊ देते. रिओ ही या सगळ्या आयांत मला सर्वांत नीट लिहिलेली वाटते. मग येतो सगळ्या विश्वांतल्या स्पायडर-मॅनांचा म्होरक्या मिगेल ओ’हारा याचा नियम : प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात जवळचा एक पोलीस कप्तान मरतो, आणि तो मरायलाच हवा. मुंबई आणि मॅनहटन मिसळून उभारलेल्या, इंद्रजाल कॉमिक्सच्या रंगांची आठवण देणाऱ्या मुंबॅटनमध्ये माइल्स पोलीस अधिकारी सिंगला वाचवतो आणि हा नियम मोडतो. पुढचा कप्तान त्याचाच बाप असतो. सुपरहिरोच्या कथेनं आईबापांशी इतकी वर्षं जे केलं, ते इथे पहिल्यांदा कायदा म्हणून मांडलं गेलं. आणि एक पंधरा वर्षांचा पोरगा तो धुडकावून पळतो.

पळत घरी येऊन तो एका दमात आईला सांगतो, मी स्पायडर-मॅन आहे. ती विचारते, स्पायडर-मॅन कोण? तो चुकीच्या विश्वात आलेला आहे. इथे बाप भिंतीवरच्या चित्रापुरता उरलाय. सगळा धीर गोळा करून केलेली कबुली भलत्याच आईच्या वाट्याला आली.

२०२५ च्या ‘केपॉप डीमन हंटर्स’नं हाच गुंता उलट बाजूनं धरला. रूमीचा बाप राक्षसकुळातला, आई गेलेली. आईची सहकारी सेलीन तिला वाढवते आणि अंगावरच्या खुणा झाकून ठेवायला शिकवते. म्हणजे गुपित पोरीचं नाही, वाढवणाऱ्या बाईनं लादलेलं आहे. खुणा उघड्या पडल्यावर रूमी तलवार पुढे करून तिला सांगते, मला संपव. सेलीन तसं करत नाही, पोरीवर आपलं प्रेम आहे असंही म्हणते, पण त्याच वेळी तिला झाकायला धडपडते. रूमीला आपण सगळीच्या सगळी आवडायला हवी असते. ती निघून जाते आणि दोघींचा समेट चित्रपट दाखवत नाही. काहींना ही उणीव वाटली. मला तो प्रामाणिकपणा वाटला, कारण इतक्या वर्षांचं झाकणं एका मिठीत फिटलं असतं तर ते खोटं झालं असतं.

स्पायडर-व्हर्सचा तिसरा भाग अजून यायचा आहे. जेफरसनचा जीव वाचतो का, याची उत्सुकता सगळ्यांनाच असेल, मलाही आहे. पण बाप वाचला आणि त्याला काहीच कळलं नाही, असा शेवट झाला तर मी समाधानी होणार नाही. माइल्सनं त्याच्यासमोर, आपल्या चेहऱ्यानं, आपण स्पायडर-मॅन आहोत हे सांगायला हवं. आणि ऐकून जेफरसन काय करतो, जॉर्जसारखा आधी चुकतो की चुकत नाही, हे दाखवायला चित्रपटानं वेळ द्यायला हवा.