बीड, माती आणि राइट दांपत्य

बीड: २ टक्क्यांहून अधिक कार्बन असलेलं लोखंड, वितळवून साच्यात ओततात. आच धरून ठेवतं. फरशीवर आपटलं तर पोचा येत नाही, थेट तडा जातो. टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्गमध्ये लॉज कारखाना १८९६ पासून बिडाची भांडी ओततो.

डिझायनर मायकेल लॅक्स: कॉपको कंपनीसाठी १९६० च्या दशकात एनॅमल चढवलेली बिडाची भांडी.

मेरी आणि रसेल राइट, डिझायनर दांपत्य: लग्न १९२७. रसेल यांचा गाजलेला ‘अमेरिकन मॉडर्न’ भांड्यांचा संच (१९३९-५९) ओहायोतल्या स्ट्युबेनव्हिल पॉटरीचा. बिडाचा नव्हे, भाजलेल्या मातीचा. रंग करडा, पोवळी, तपकिरी. ताटल्यांच्या कडा आत वळलेल्या. टवके मात्र लवकर उडत. दोघांचं ‘गाइड टू ईझिअर लिव्हिंग’ हे पुस्तक १९५० चं. मेरी १९५२ मध्ये गेल्या. न्यूयॉर्क राज्यात गॅरिसन इथलं रसेल यांचं घर, मॅनिटोगा, आता पाहता येतं.