बंबवाल्याला प्राध्यापक काय शिकवणार?
(लेखमाला : शहरांची सज्जता, भाग ७)

मे २००० मधल्या ‘टॉपऑफ’ या अमेरिकी सरकारी तालमीबद्दल आज लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण एका वाचकांनी विचारलेला प्रश्न आधी सोडवल्याशिवाय त्या तालमीचं महत्त्व कळणार नाही. प्रश्न रोखठोक आहे. रिचर्ड फाल्कनराथ हे एकेकाळचे हार्वर्डच्या केनेडी स्कूलमधले प्राध्यापक, त्यांचं शिक्षण युद्धशास्त्राचं. दहशतवादी हल्ला झाल्यावर शहराने काय करावं, हे बंबावर आयुष्य काढलेल्या माणसाने अशा प्राध्यापकाकडून का शिकावं? मला या प्रश्नाचं उत्तर फाल्कनराथ यांच्या कारकिर्दीतच सापडतं, आणि त्यात त्यांच्या यशाइतकाच त्यांनी उभारलेल्या व्यवस्थेच्या अपयशाचाही वाटा आहे.

सुरुवात टोकियोपासून करावी लागते. २० मार्च १९९५ रोजी ओम् शिनरिक्यो पंथाने तिथल्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडला. सेंट ल्यूक रुग्णालयात पहिल्याच दिवशी सहाशेहून अधिक रुग्ण आले. बरेचसे स्वतःच चालत किंवा मिळेल त्या गाडीने पोचले. त्यांच्या कपड्यांवरचं विष न धुताच ते आत आले आणि रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांनाही त्रास सुरू झाला. अग्निशमन दल, पोलिस, डॉक्टर हे सगळे आपापल्या कामात तरबेज होते. घात झाला तो एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं त्या जागी. ही सांध्याची जागा कोणत्याच खात्याच्या अखत्यारीत येत नाही, म्हणून खात्यात मुरलेल्या माणसाला ती सहसा दिसत नाही. सगळी खाती शेजारी शेजारी ठेवून पाहणाऱ्याला ती दिसते, आणि अभ्यासकाचं खरं काम तेच आहे. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीतल्या बॉम्बस्फोटात १६८ माणसं मेली. १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि त्याखाली १२० शहरांना प्रशिक्षण द्यायचं ठरलं. पैसा वाहू लागला. १९९८ मध्ये दोन सहलेखकांसह अण्वस्त्र, जैविक आणि रासायनिक दहशतवादावर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या फाल्कनराथ यांनी २००१ च्या वसंतात एका प्रदीर्घ लेखात या कार्यक्रमाची चिकित्सा केली. कार्यक्रम झपाट्याने वाढतो आहे, पण सज्जता म्हणजे नेमकं काय आणि ती मोजायची कशी, हेच धड ठरलेलं नाही, असा त्या चिकित्सेचा रोख होता. १९९९ पासून केनेडी स्कूलमध्ये अग्निशमन प्रमुख, पोलिस अधिकारी, आरोग्य अधिकारी आणि अभ्यासक यांच्या नियमित बैठका होत होत्या. त्यांचा खर्च अमेरिकी न्याय खातं करत होतं. शिकवणं तिथे दोन्ही बाजूंनी चाललं होतं.

यावर आक्षेप असा की, प्राध्यापकांच्या हाती सत्ता आली तेव्हा त्यांनी काय केलं? हा आक्षेप टाळता येणार नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर फाल्कनराथ व्हाइट हाउसमध्ये गृहसुरक्षेचं धोरण आखणाऱ्यांत होते. २००२ च्या वसंतात मोजक्या माणसांनी गुप्तपणे नव्या गृहसुरक्षा खात्याचा आराखडा केला, त्यांतले ते एक. २२ सरकारी संस्था एकत्र करून २००३ मध्ये ते खातं उभं राहिलं. आपत्ती निवारणाची ‘फेमा’ ही संस्थाही त्यात आली. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं आणि मदत पोचायला लागलेला उशीर साऱ्या जगाने पाहिला. सगळा दोष पुनर्रचनेवर टाकणं अन्यायाचं होईल, कारण शहर आणि राज्य यांचेही निर्णय चुकले होते. तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. संस्था एका छपराखाली आणल्या म्हणून सांधे जुळत नाहीत. ज्यांना प्रत्यक्ष एकत्र काम करायचं आहे, त्यांनीच ते वारंवार करून पाहावं लागतं.

म्हणूनच फाल्कनराथ यांचं पुढचं पाऊल मला सर्वांत बोलकं वाटतं. २००६ मध्ये ते न्यूयॉर्क पोलिसांत दहशतवादविरोधी विभागाचे उपायुक्त झाले आणि २०१० पर्यंत राहिले. देशाचा आराखडा आखणारा माणूस एका शहराच्या पोलिस दलात आला. याच काळात मुंबईवर २६/११ चा हल्ला झाला. न्यूयॉर्क पोलिसांचे अधिकारी लगोलग मुंबईत आले, आणि थोड्याच दिवसांत तशाच हल्ल्याची तालीम न्यूयॉर्कमध्ये झाली. जानेवारी २००९ मध्ये आयुक्त रेमंड केली यांनी सिनेटच्या समितीपुढे मुंबईचे धडे मांडले. अनेक ठिकाणी एकाच वेळी हल्ला झाल्यावर मानेसरहून कमांडो येईपर्यंत शहरालाच तोंड द्यावं लागतं, हे मुंबईने रक्त सांडून शिकवलं. मग १ मे २०१० रोजी टाइम्स स्क्वेअरमध्ये धूर येणारी मोटार आधी दिसली ती फुटपाथवरच्या विक्रेत्यांना. त्यांनी जवळच्या घोडेस्वार पोलिसाला सांगितलं, चौक रिकामा झाला, आणि तिसऱ्या दिवशी रात्री संशयित विमानात पकडला गेला. बॉम्ब नीट बनवलेला नव्हता, हे नशीब म्हणा. पण विक्रेत्याचं म्हणणं पोलिसाने ऐकणं आणि चौक तातडीने मोकळा होणं हा नशिबाचा भाग नाही. ती सवय आहे.

तेव्हा वाचकांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं : आग विझवायला प्राध्यापक शिकवू शकत नाही, आणि पुढचा हल्ला कुठे होईल हेही त्याला सांगता येत नाही. त्याचं मोल अशा भाकितांवर ठरवू नये. बंब, रुग्णवाहिका आणि पोलिस चौकी यांच्यामध्ये कोणाच्याच नावावर नसलेलं काम तो दाखवून देतो का, आणि ते काम त्या तिघांकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं जातं का, या दोन गोष्टींवर ते ठरवावं. यातली पहिली विद्यापीठात होऊ शकते. दुसरी शहरातच व्हावी लागते, आणि तिच्यावर खर्च करायला महापालिका आणि सरकारं सर्वांत जास्त कंटाळतात, कारण तालमीचं उद्‌घाटन करता येत नाही. ‘टॉपऑफ’मध्ये डेन्व्हर शहरात प्लेगचा बनावट हल्ला झाला तेव्हा कोणाच्याच नावावर नसलेलं हेच काम उघडं पडलं. पुढच्या आठवड्यात तिकडे जाऊ.