निऑननगरी : लेखांक नववा – बॅरेटच्या खोलीत

हेंगशा आज नाही. गेममधल्या, शांघायजवळच्या त्या दुमजली शहरात नेण्याचं मागच्या आठवड्यात कबूल केलं होतं खरं, पण मध्येच सांगलीहून एका वाचकाचा ईमेल आला आणि माझा हात दुसरीकडेच वळला. ते लिहितात: ‘तुमचे लेख वाचून ‘ह्यूमन रिव्होल्यूशन’ घेतला. डेट्रॉइटमध्ये एकालाही ठार न मारता पुढे सरकलो. फेमाच्या तळावर एकेका पहारेकऱ्याला गाठून नुसतं झोपवलं. मग एक दार उघडलं, पुढचं सगळं पडद्यावर आपोआप घडलं, आणि भानावर येतो तो समोर मशीनगनचा हात असलेला एक आडदांड माणूस! पळायला वाट नाही, बोलायची सोय नाही, आणि माझ्याकडे गुंगीच्या बाणांची बंदूक. त्याला मारल्याशिवाय सुटका होईना. मग इतका वेळ मी जीव मुठीत धरून, दबकत दबकत कशासाठी खेळत होतो?’

या प्रश्नावर मी गेली कित्येक वर्षं मित्रांचं डोकं खात आलो आहे. आज तुमची पाळी.

‘ड्यूस एक्स : ह्यूमन रिव्होल्यूशन’ ऑगस्ट २०११ मध्ये आला. आयडॉस मॉन्ट्रियल या स्टुडिओचा हा पहिलाच गेम. तो खेळाडूला पहिल्या तासापासून एकच गोष्ट पढवतो: रस्ता तू निवड. दार हॅक कर, नाहीतर भिंतीतल्या झरोक्यातून सरपट जा, नाहीतर खोकी रचून खिडकी गाठ, नाहीतर सरळ गोळ्या झाड. नुसतं बोलून तो थांबत नाही, त्याप्रमाणे मोबदलाही देतो. कुणाच्याही नजरेस न पडता एखादा टप्पा पार केला की ‘घोस्ट’चे ५०० गुण, धोक्याची घंटा वाजू दिली नाही तर आणखी २५०. ठार मारण्यापेक्षा बेशुद्ध करण्याला जास्त गुण. दर ५००० गुणांमागे एक प्रॅक्सिस, आणि प्रॅक्सिस म्हणजे अंगात एक नवं यंत्र किंवा जुन्याला नवी धार. थोडक्यात, गेमचा सगळा हिशेब सांगलीकरांसारख्या दबक्या पावलांच्या माणसाच्या बाजूने मांडलेला आहे.

असा माणूस आपली प्रॅक्सिस कशावर खर्च करतो? अदृश्य होण्यावर, पावलांचा आवाज दाबण्यावर, हॅकिंगवर, भिंतीपलीकडचं पाहण्यावर. अंगरख्यातली जागा मोजकी, म्हणून जड बंदुका विकून टाकतो. आणि मग तो मशीनगनच्या हाताचा माणूस, लॉरेन्स बॅरेट, येतो.

ती खोली नीट पाहा. गेमचा नायक जेन्सन दारातून आत जातो तो कटसीनमध्ये, म्हणजे तुमच्या हातातून कंट्रोल काढून घेऊन. जो माणूस तासन् तास खोक्यांआडून सरकत आला, तो इथे छाती काढून खोलीच्या मध्यावर चालत जातो. पहिला घाव तिथेच बसतो, गोळी सुटायच्या आधी. मग कंट्रोल परत मिळतो तेव्हा खांब, खोकी, स्फोटक पिंपं आणि इकडेतिकडे पसरलेली शस्त्रं. बॅरेट हाताच्या मशीनगनने समोरचा आडोसा झोडपत राहतो, मधूनच ग्रेनेड फेकतो. जवळ गेलात तर उचलून आपटतो. रस्त्यातल्या कुठल्याही गुंडाला एका बटणात लोळवणारा तुमचा ‘टेकडाउन’ याच्यावर चालत नाही. हॅक करण्यासारखं काही नाही. अदृश्य होऊन त्याला चुकवावं, तर जायचं कुठे? पिंपं उचलून त्याच्या अंगावर फेका, ईएमपी ग्रेनेडने त्याला थिजवा, पुन्हा पिंप फेका. जमतं, पण तुम्ही आजवर जे शिकलात त्यातलं काहीच कामाला येत नाही. बुद्धिबळाच्या डावात घोडा उचलायला हात पुढे केला आणि कुणी तरी उचलून आखाड्यात फेकून दिलं, असा हा प्रकार.

उलट ज्याने ‘टायफून’ अंगात बसवून घेतलं आहे, त्याची इथे चैन. टायफून म्हणजे शरीरातून चहूबाजूंना उडणाऱ्या स्फोटक गोळ्या. दोन-तीनदा बटण दाबलं की बॅरेट आडवा. म्हणजे दबकणाऱ्याला ही लढाई अशक्यप्राय आणि दणदणीत खेळणाऱ्याला पोरखेळ. दोघांनाही मजा नाही.

पुढची येलेना फेदोरोवा मॉन्ट्रियलमध्ये भेटते. ती अदृश्य होते, एक शब्द बोलत नाही, आणि तिच्या खोलीतल्या जमिनीत वीज खेळते. विजेपासून बचावाचं यंत्र अंगात असेल तर ठीक, नसेल तर हाल. तिच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही, हीच तिच्यावरची टीका.

तिसरा यारोन नामीर मात्र थोडा वेगळा. सिंगापूरच्या तळावर त्याच्याशी गाठ पडते. त्याआधी जेन्सनच्या डोळ्यांपुढे अधूनमधून पडदा थरथरू लागतो आणि बातम्यांतून सांगितलं जातं, की अंगातल्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या लिम्ब क्लिनिकमध्ये जाऊन नवी बायोचिप बसवून घ्या. ज्यांनी मुकाट्याने बसवून घेतली त्यांची सगळी यंत्रं नामीरच्या लढाईच्या तोंडावर बंद पाडली जातात. दृष्टी बिघडते, ताकद जाते. ज्यांनी त्या चिपवर संशय घेतला ते शाबूत. बघा, लढाई तीच, खोली तीच, पण आधी केलेल्या निवडीचा जाब इथे विचारला जातो. तीनपैकी एकाच लढाईला गेमने आपली भाषा बोलू दिली, तीसुद्धा अर्धीच. कारण शेवटी नामीरलाही मारावंच लागतं.

हे असं का झालं, याचं उत्तर लपलेलं नाही. या बॉस-फाइट, म्हणजे मोठ्या खलनायकांशी सक्तीच्या लढाया, आयडॉस मॉन्ट्रियलने स्वतः बनवल्याच नव्हत्या. ते काम ग्रिप एंटरटेन्मेंट या बाहेरच्या कंपनीला दिलं होतं. गेम आल्यावर ओरड झाली तेव्हा ही गोष्ट चव्हाट्यावर आली, आणि या लढाया फसल्याचं मॉन्ट्रियलच्या मंडळींनी पुढे जाहीरपणे मान्यही केलं. बहुतेक चर्चा इथेच संपते: काम बाहेर दिलं, म्हणून बिघडलं.

मला हे पटत नाही. बाहेरच्यांनी खोली बांधली, पण ‘बॅरेट इथे मेलाच पाहिजे’ हे कथेने ठरवलं होतं. लढाई कुणीही रचली असती तरी शेवटी तो कटसीनमध्येच मरणार होता. खरी खोट त्याच्याही आधी आहे. बॅरेट, फेदोरोवा, नामीर हे तिघं आपल्याला भेटतात कुठे? सुरुवातीच्या हल्ल्यात, तेही घाईगर्दीत. जेन्सन जिथे काम करतो त्या सरिफ इंडस्ट्रीजची प्रयोगशाळा उद्ध्वस्त करून, त्याला अर्धमेला करून ते निघून जातात. त्यानंतर थेट लढाईतच. त्यांच्याशी दोन वाक्यं बोलायची संधी मिळत नाही. मग त्यांच्यावर निवड करायची तरी कशाच्या आधारावर?

आता २००० सालचा मूळ ‘ड्यूस एक्स’ आठवा. ऑस्टिनमधल्या आयन स्टॉर्मचा, वॉरन स्पेक्टर यांच्या देखरेखीखाली झालेला. त्यातले अ‍ॅना नॅव्हार आणि गुंथर हर्मन हे आपले सहकारी. एकाच कचेरीत उठबस. गुंथरची एक तक्रार तर जुन्या खेळाडूंना अजून तोंडपाठ आहे: वेंडिंग मशीनमधून त्याला ऑरेंज हवं असतं, मिळतं लेमन-लाइम, आणि देखभालीचा माणूस हे मुद्दाम करतो अशी त्याची पक्की खात्री. पुढे हाच माणूस पॅरिसच्या कॅथेड्रलमध्ये वाट अडवून उभा राहतो तेव्हा तुमच्या मनात काहीतरी हलतं, कारण तुम्ही त्याला ओळखता.

शिवाय तिथे लढाई हा एकच मार्ग नाही. या दोघांच्या मेंदूत त्यांच्या मालकांनी एक परवलीचा शब्द पेरून ठेवला आहे. तो कानावर पडला की यंत्रदेह स्वतःच फुटतो. अ‍ॅनाचा शब्द तुम्ही कचेरीतल्या संगणकांमधून खणून काढू शकता. गुंथरचा शब्द मिळणार की नाही, हे बरंच आधी डॉक्टर हायमे रेयेसला तुम्ही काय सांगितलं त्यावर ठरतं. तू कचेरीतच थांब म्हणालात, तर तो पॅरिसमध्ये येऊन तुमच्या हातात शब्द ठेवतो. आणि अ‍ॅनाला तर त्याहून आधी, विमानातच मारता येतं. लेबेदेव्ह नावाच्या निःशस्त्र कैद्याला संपवायचा ती हट्ट धरते तेव्हा बंदूक तिच्याकडे वळवायची मुभा आहे. बहुतेकांना हे सुचतही नाही, कारण आपल्याच गटाच्या माणसावर गोळी झाडता येते हे तोवर कुठल्या गेमने शिकवलेलं असतं? इथे गोळी लागते, ती मरते, आणि कथा तुम्हाला सांभाळून घेते.

अकरा वर्षांनी त्याच मालिकेत दार बंद करून घ्यायची वेळ यावी, याचं दुःख म्हणूनच जास्त.

आणि गंमत अशी, की मॉन्ट्रियलच्या लोकांना हे येत नव्हतं असं मुळीच नाही! डेट्रॉइटच्या पोलीस ठाण्यात टेबलामागे बसलेला वेन हास आठवा. जेन्सनचा जुना साथीदार. ज्या पोरावर गोळी झाडायला जेन्सनने नकार दिला, त्याच्यावर ती हासने झाडली आणि तेव्हापासून तो आतून सडतो आहे. शवागारात जायचं तर त्याची परवानगी हवी. समजूत घाला, विनवा, नाहीतर त्याच्या जखमेवर बोट ठेवून त्याला मोडून टाका. प्रत्येक वाक्यानंतर त्याचा चेहरा, खांदे, आवाज बदलतो, आणि तुम्हाला ते वाचून पुढचं वाक्य निवडायचं असतं. हरलात तरी दार कायमचं बंद होत नाही. गटारातून किंवा छतावरून आत शिरता येतं. जिंकलात, तर आत सोडल्याबद्दल त्याची नोकरी जाते, आणि पुढे डेट्रॉइटला परतलात की तो तुम्हाला हिशेब मागायला गाठतो. माझ्या मते या गेममधली पहिली खरी बॉस-फाइट ही. एकही गोळी नाही.

दुसरी हेंगशातली. वैमानिक फरीदा मलिकचं यान पाडलं जातं, चारी बाजूंनी बेलटॉवर या खासगी लष्करी कंपनीचे सैनिक, आणि ती स्वतःच ओरडून सांगते, मला सोड, पळ. पळालात तर गेम अडवत नाही. मग ती मरते, आणि पुढे एका टोळीच्या अड्ड्यावर तिचं प्रेत टेबलावर दिसतं. थांबलात तर हाताशी थोडाच वेळ, यानाची पडझड चालू, वर रोबो. दबकणारा इथेही दबकत जिंकू शकतो, फक्त फार भराभर. मी तिला पहिल्यांदा वाचवलं तेव्हा एकाही सैनिकाचा जीव घेतला नव्हता, आणि तो आनंद मला बॅरेट, फेदोरोवा, नामीर तिघांनी मिळूनही दिला नाही.

ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘डायरेक्टर्स कट’ आला. आधी तो फक्त वी यूसाठी जाहीर झाला होता, मग सगळीकडे निघाला. त्यात लढायांच्या जागा वाढवल्या: बाजूच्या खोल्या, झरोके, हॅक करता येणारे संगणक आणि स्वयंचलित तोफा. आता बॅरेटवर त्याच्याच तळाची तोफ उलटवता येते. हॅकरला हॅकर राहता येतं, ही मोठीच सुधारणा. मरतो मात्र तो तरीही. काही जुन्या चाहत्यांना या आवृत्तीत मूळचा सोनेरी रंग पुसट झालेला खटकतो, आणि पीसीवर तो परत आणणारे मॉडही आहेत. मला तो रंग गेल्याचं वाईट वाटतं, पण लढायांसाठी मी ते चालवून घेतो. २०१६ च्या ‘मॅनकाइंड डिव्हायडेड’मध्ये मार्चेंको या शेवटच्या बॉसला न मारता पकडता येतं, आधी मिळवलेला किल-स्विच वापरला तर लढल्याशिवायही. धडा घेतला, पाच वर्षांनी.

सांगलीकरांचा ईमेलच्या तळाशी आणखी एक छोटा प्रश्न होता: बॅरेटला मारल्यामुळे एकही जीव न घेण्याचा ‘पॅसिफिस्ट’ किताब हुकला का? नाही हुकला. बॉसचे मृत्यू त्यात धरले जात नाहीत, असं त्या अचीव्हमेंटच्या वर्णनातच लिहिलं आहे. तुम्ही मूळ आवृत्ती खेळत असाल तर फेदोरोवाच्या आधी विजेपासून बचावाचं यंत्र अंगात बसवून घ्या, आणि लिम्बची ती बायोचिप अजिबात घेऊ नका. नव्याने घेणाऱ्यांनी सरळ डायरेक्टर्स कटच घ्यावा. हेंगशा पुढच्या आठवड्यात, यावेळी नक्की. तोवर ज्यांनी मलिकला मागे सोडून पळ काढला असेल त्यांनी जुनी सेव्ह फाइल शोधून एकदा थांबून बघावं, आणि काय झालं ते मला कळवावं.