‘पिकअप नाही’ : वेगवान नौकेच्या दोषनिदानातील एक संदिग्ध शब्द

‘गाडी पिकअप घेत नाही’ ही तक्रार ठाणे-कल्याण परिसरातील कोणत्याही गॅरेजात ऐकावयास मिळते. इंजिनबोटीलाही हाच शब्द लावला जातो. तथापि रस्त्यावरून पाण्यावर येताना त्याचा अर्थ दुभंगतो, हे सहसा ध्यानात येत नाही. मोटारीचे चाक रस्ता धरून असते. क्लच घसरत नसेल, तर इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग हे एकमेकांशी बांधलेले राहतात. नौकेचा पंखा मात्र पाण्यात फिरतो, आणि पाणी मागे सरकते. म्हणून ‘इंजिन पुरेसे फिरत नाही’ आणि ‘इंजिन फिरते, पण नौका पुढे जात नाही’ हे दोन सर्वस्वी भिन्न दोष होत. एकाच शब्दाने दोहोंचा निर्देश झाला म्हणजे पंख्यातील दोषासाठी निष्कारण इंजिन उघडले जाते.

कल्याण-ठाणे-मुंबई, वसई खाडी व उल्हास नदी मिळून होणारा मार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झाला आहे. ओहोटीला या खाड्यांच्या कडेने चिखलाचे पट्टे उघडे पडतात. तेथे नौका अडकल्यास पुढील भरतीपर्यंत बसून राहण्यावाचून गत्यंतर नसते. निदानातील चूक इतकी महाग पडते.

दोहोंतील भेद गणिताने दाखविता येतो. पंख्याचा पिच म्हणजे घसर मुळीच नसती तर एका फेऱ्यात कापले जाणारे अंतर. समजा, पिच १९ इंच आहे, इंजिन मिनिटाला ४८०० फेरे करीत आहे आणि गिअरमुळे पंखा त्याच्या निम्मे, म्हणजे २४०० फेरे करतो. मिनिटाला ३८०० फूट, म्हणजे सुमारे ३७.५ नॉट, हा झाला कल्पित वेग. जीपीएसवर ३३ नॉट दिसले, तर घसर १२ टक्के. वेगवान नौकेस ती क्षम्य आहे. परंतु तितक्याच फेऱ्यांना २७ नॉट दिसले, तर घसर २८ टक्क्यांवर जाते, आणि दोष पंख्याकडे शोधावा लागतो. मोजमाप भरतीच्या दिशेने एकदा व विरुद्ध एकदा करून सरासरी घ्यावी. अन्यथा आपण नौकेचा नव्हे, प्रवाहाचा वेग मोजीत असतो.

फेरे भरपूर व वेग कमी असेल, तर प्रथम पंखा पाहावा. आपल्या खाड्यांत त्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली आढळणे हे नित्याचेच. पाते वाकलेले असेल किंवा आउटबोर्ड इंजिन फार उंच बसविलेले असेल, तर पंखा पृष्ठभागावरील हवा ओढू लागतो. पंख्याच्या मध्यभागी रबरी हब असल्यास त्याच्या आतील व बाहेरील भागांवरून एक सरळ रेघ ओढावी. पूर्ण जोराने नौका चालवून आणल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर रबर सुटले आहे. ही खरी घसर; मोटारीच्या क्लचशी येथे उपमा जुळते.

उलटपक्षी पूर्ण थ्रॉटल देऊनही फेरे निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत चढत नसतील, तर भार अधिक आहे की शक्ती उणी, हा प्रश्न उरतो. तळाला चिकटलेले शेवाळ व शिंपले, तळाशी साचलेले पाणी आणि प्रमाणाबाहेर मोठा पिच यांनी भार वाढतो. वेगवान नौका पाण्यावर उचलली जाऊन धावते. थोड्या जादा वजनानेही ती उचलली न जाता नाक वर करून पाणी ढकलीत राहते. आउटबोर्डवर पिच एका इंचाने कमी केल्यास फेरे साधारणतः १५० ते २०० नी वाढतात.

शक्ती उणी असण्याचे कारण बहुधा इंधनात सापडते. इंजिन दम सोडत असता इंधननळीवरील रबरी फुगा दाबावा. तेवढ्यापुरते ते सावरले, तर पंप दुर्बळ आहे किंवा नळीत हवा शिरते आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून दीर्घकाळ उभ्या नौकेच्या टाकीतील पाणी आधी तपासणे इष्ट. डिझेल इंजिनाचा धूरही बोलका असतो : काळा धूर जादा भार वा अपुरी हवा सुचवितो, निळा धूर तेल जळत असल्याचे सांगतो.

आउटबोर्डमधून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार मंदावली, तर मात्र यांपैकी कोणतीही चिकित्सा करीत न बसता इंजिन तत्काळ बंद करावे. आपल्या खाडीच्या गाळाने पाण्याच्या पंपातील रबरी इंपेलर झिजतो, आणि पुष्कळ नवी इंजिने तापताच स्वतःच फेरे उतरवितात. नाखवा त्यालाही ‘पिकअप नाही’ असेच म्हणतो.