मोतीबिंदूवरील घरगुती उपचार : परंपरा, समज आणि वास्तव
(विशेष संदर्भ : नागपूर व विदर्भ)

प्रास्ताविक :

डोळा लाल झाला, चुरचुरू लागला किंवा अंधुक दिसू लागले की पहिला उपाय बहुधा घरातच शोधला जातो. नागपूर व विदर्भाचा परिसर यास अपवाद नाही. गुलाबपाणी, मध, कांद्याचा रस, एरंडेल तेल, त्रिफळ्याचे पाणी, गाईचे तूप, बाळंतिणीचे दूध, गोमूत्राचा अर्क अशी या उपायांची यादी बरीच मोठी आहे. त्यांपैकी काही निरुपद्रवी, तर काही उघडपणे अपायकारक आहेत. मात्र मोतीबिंदूच्या संदर्भात डोळ्यात काय घातले जाते, याइतकाच ते घालण्यात किती काळ जातो हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात ५० वर्षे व त्यावरील वयोगटातील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे आलेले होते. जे अंधत्व शस्त्रक्रियेने दूर होऊ शकते, तेच सर्वाधिक असावे ही बाब विचार करावयास लावणारी आहे. घरगुती उपचारांमागील विचार कोणता, त्यांचा गुण आल्यासारखा का वाटतो आणि त्यांची खरी किंमत कोणती, यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मोतीबिंदूचे स्वरूप :

डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याचे पोषण सभोवतालच्या द्रवातून होते. भिंगातील प्रथिने विशिष्ट रचनेत असतात, म्हणूनच त्यातून प्रकाश आरपार जातो. वाढते वय, मधुमेह, धूम्रपान, सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, डोळ्यास झालेली इजा आणि स्टिरॉइड औषधांचा दीर्घ वापर यांमुळे ही रचना बिघडते, प्रथिनांच्या गुठळ्या होतात आणि भिंग गढूळ होते. अंडे उकडले की त्यातील पारदर्शक भाग पांढरा होतो आणि थंड केल्यावरही तो पूर्ववत होत नाही. भिंगातील बदलही काहीसा असाच आहे. त्यामुळे गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसविणे हाच आजवर सिद्ध झालेला उपचार आहे. लंडन येथील नेत्रशल्यविशारद हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये प्रथम असे भिंग बसविले.

घरगुती उपचारांमागील विचार :

या उपचारांमागे दोन समजुती प्रामुख्याने दिसतात. पहिली, मोतीबिंदू हे डोळ्याच्या पृष्ठभागावर आलेले जाळे आहे, ही होय. पिकलेला मोतीबिंदू बाहुलीत पांढरा दिसतो, त्यामुळे तो वरच्या वर पुसून अथवा विरघळवून काढता येईल असे वाटणे स्वाभाविक आहे. डोळ्यात पडलेले फूल, वडस आणि मोतीबिंदू हे तीन वेगवेगळे विकार बोलण्यात एकमेकांत मिसळतात आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला जातो. दुसरी समजूत साधर्म्याची आहे. निवळीचे बी मातीच्या भांड्याला आतून घासले असता गढूळ पाणी निवळते, हे आपल्याकडे पूर्वापार ज्ञात आहे. जे पाणी निवळते ते दृष्टीही निवळेल, या न्यायाने निवळी मधात उगाळून डोळ्यात घालण्याची रीत आढळते. परंतु पाण्यातील माती खाली बसणे आणि भिंगातील प्रथिनांची रचना बदलणे या मूलतः भिन्न क्रिया आहेत.

कांद्याचा रस व मध घातल्यावर डोळ्यातून भरपूर पाणी येते. ‘घाण निघून गेली’ असे त्याचे वर्णन केले जाते. प्रत्यक्षात ती दाहाची प्रतिक्रिया असते. घरातील मध, दूध किंवा वनस्पतींचा रस निर्जंतुक नसतो. पारपटलावर आधीच ओरखडा असल्यास त्यातून जंतुसंसर्ग होऊन व्रण पडण्याचा धोका असतो आणि अशा व्रणाचा पांढरा डाग कायमचा राहू शकतो. काही प्रकारच्या सुरम्यात शिशाचे संयुग असते, ही बाबही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

परंपरेची साक्ष :

घरगुती उपचारांचे समर्थन करताना प्राचीन परंपरेचा हवाला दिला जातो. मात्र परंपरेची मूळ साक्ष वेगळी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कफज लिंगनाशावर शलाकेने करावयाच्या शस्त्रकर्माचे सविस्तर वर्णन आहे. या कर्मात स्त्रीचे दूध व तूप यांचाही उल्लेख येतो. तो शस्त्रकर्माच्या जोडीने येतो, त्याला पर्याय म्हणून नव्हे. शलाकेने गढूळ भिंग मागे सारण्याची ही पद्धत भारतात अनेक शतके टिकली. तिच्यात दृष्टी तात्पुरती परत येई, परंतु पुढे दाह व डोळ्यातील दाब वाढून अनेक डोळे निकामी होत. कालांतराने ती मागे पडली. तथापि, मोतीबिंदू हा शस्त्रसाध्य विकार आहे हे ज्ञान येथील परंपरेतच होते, हे विसरून चालणार नाही.

गुण आल्याचा भास :

एखाद्या उपायाने ‘चष्मा सुटला’ असे वृद्ध व्यक्ती प्रामाणिकपणे सांगतात. याचे स्पष्टीकरण रोगाच्या स्वरूपातच आहे. काही प्रकारच्या मोतीबिंदूत भिंगाचा गाभा घट्ट होत जातो, त्याची प्रकाश वळविण्याची शक्ती वाढते आणि डोळा काहीसा लघुदृष्टीचा होतो. परिणामी दूरचे अंधुक झाले तरी जवळचे अक्षर चष्म्याशिवाय वाचता येऊ लागते. त्याच सुमारास मध किंवा अर्क सुरू असल्यास श्रेय त्यास मिळते. वस्तुतः हे रोग वाढत असल्याचे लक्षण असते आणि ही सोयही टिकत नाही.

‘पिकण्याची’ प्रतीक्षा :

मोतीबिंदू पूर्ण पिकल्याशिवाय काढू नये, हा समज जुन्या शस्त्रक्रियापद्धतीतून आलेला आहे. त्या काळी छेद मोठा असे, टाके पडत आणि नंतर जाड भिंगांचा चष्मा लागत असे. त्यामुळे थांबणे शहाणपणाचे होते. आज लहान छेदाच्या पद्धतीने दैनंदिन कामात अडथळा येऊ लागताच शस्त्रक्रिया करता येते. नागपूरच्या कडक उन्हाळ्यामुळे ‘दिवाळीनंतर पाहू’ असे म्हणण्याची पद्धतही आता निराधार झाली आहे. अतिपक्व मोतीबिंदू फुगल्यास किंवा त्यातील प्रथिने झिरपल्यास डोळ्यातील दाब एकाएकी वाढतो, तीव्र वेदना होतात आणि दृष्टिचेतेची कायमची हानी होऊ शकते. शिवाय अंधुक दिसण्याचे कारण काचबिंदू असेल, तर घरगुती उपचारांत गेलेला काळ कोणत्याही शस्त्रक्रियेने भरून निघत नाही. घरातील वृद्ध स्त्रियांना हा विलंब अधिक भोगावा लागतो. त्यांचे दिसणे कमी झाले तरी घरचे काम सवयीने चालू राहते आणि तक्रार मागे पडते.

आहार व प्रतिबंध :

गाजर, शेवग्याची पाने, पपई व हिरव्या पालेभाज्या यांतून मिळणारे ‘अ’ जीवनसत्त्व रातांधळेपणा टाळते. आलेला मोतीबिंदू त्याने जात नाही. ‘क’ जीवनसत्त्वाने समृद्ध संत्री हे नागपूरचे वैभव असून ती आहारात असणे हितकारकच आहे. परंतु अमेरिकेतील २००१ च्या आणि दक्षिण भारतातील २००६ च्या चाचण्यांत ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वे आणि बीटा-कॅरोटीन यांच्या गोळ्यांनी मोतीबिंदूची वाढ रोखल्याचे आढळले नाही. रक्तशर्करेवर नियंत्रण, तंबाखूच्या धुरापासून दूर राहणे, उन्हात टोपी व योग्य चष्मा वापरणे, चुलीचा धूर टाळणे आणि औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने स्टिरॉइडचे थेंब न घालणे हे धोका कमी करणारे उपाय होत.

समारोप :

भारतात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या मोतीबिंदू प्रकल्पात महाराष्ट्राचा समावेश होता. शासकीय रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. नागपुरात मेडिकल व मेयो रुग्णालये, तर सेवाग्राम येथे कस्तुरबा रुग्णालय आहे. म्हणजे सोय उपलब्ध आहे. उणीव वेळेवर तेथे पोहोचण्याची आहे. या ठिकाणी महाविद्यालयांना करण्यासारखे बरेच काही आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थ्यांनी दत्तक गावातील साठीपुढील प्रत्येक व्यक्तीचा एकेक डोळा झाकून दृष्टितक्त्यावर तपासावा, डोळ्यात काय घातले जाते व केव्हापासून हे उपहास न करता विचारावे आणि कमी दिसणाऱ्यांची यादी नेत्रतज्ज्ञांकडे सोपवावी. घरगुती उपायांवरील श्रद्धा एका व्याख्यानाने जाणार नाही. मात्र ‘मध घालणे थांबवा आणि या महिन्यातच तपासून घ्या’ एवढे सांगितले व सोबत नेले, तरी अनेकांची दृष्टी वाचू शकेल.